तगाद्यापासून दाखल्यापर्यंत : गारगोटी परिसरातील कर्जवसुलीचा व्यवसाय

ग्रामीण कर्जाच्या इतिहासावर मराठीत आणि इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे. कर्ज कोणी दिले, कोणत्या व्याजाने दिले, कुळाची जमीन सावकाराकडे कशी गेली, या प्रश्नांची चर्चा दख्खनच्या दंग्यांपासून आजतागायत चालू आहे. परंतु दिलेले कर्ज परत आणण्याचे काम नेमके कोण करी, त्याला त्यासाठी किती खर्च येई, आणि एकाच शेतकऱ्याच्या एकाच पिकावर डोळा ठेवून बसलेल्या दोन-तीन धनकोंपैकी पैसा प्रथम कोणाच्या हाती पडे, या प्रश्नांकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. वास्तविक कर्ज देणे हे सोपे काम होय. सावकारीची खरी परीक्षा वसुलीत होते. या दृष्टीने कोल्हापूरच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर वेदगंगेच्या काठी वसलेले गारगोटी आणि त्याच्या भोवतीचा भुदरगड तालुका अभ्यासण्याजोगा आहे. नदीकाठचा ऊस आणि पश्चिमेच्या डोंगराळ भागातील भात-नाचणी अशी दोन वेगळी अर्थव्यवस्था येथे एकाच तालुक्यात नांदते. त्यामुळे वसुलीच्या निरनिराळ्या पद्धती कोठे यशस्वी होतात आणि कोठे थकतात हे येथे शेजारी शेजारी पाहावयास मिळते.

पेशवाईच्या अखेरच्या काळात खाजगी कर्जाची वसुली हा मुख्यतः धनको आणि ऋणको यांच्यातील प्रश्न मानला जाई. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधी माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल सादर केला त्यात या 'तकाज्या'चे सविस्तर वर्णन आहे. ऋणको बरोबरीचा किंवा कमी दर्जाचा असेल तर धनको त्याला घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, उन्हात बसवून ठेवी. ऋणको बडा असामी असेल तर मात्र विनवण्या करणे, त्याच्या उंबऱ्यावर पडून राहणे, दाराशी आरडाओरड करणे, हे उपाय चालत. याच ठिकाणी एल्फिन्स्टन एक महत्त्वाची गोष्ट नोंदवतो. हे सर्व धनको स्वतः करी किंवा आपल्या वतीने दुसऱ्याकडून करवून घेई. मोबदला देऊन दुसऱ्याच्या कर्जाचा तगादा करणारा मनुष्य त्या काळी अपरिचित नव्हता, हे यावरून स्पष्ट होते. आज ज्याला वसुली एजन्सी म्हणतात तिचे बीज येथे दिसते. अर्थात त्यामागे संस्था नव्हती आणि करारपत्रही नव्हते.

तकाज्याचे बळ लोकलज्जेत होते. चार लोकांच्या देखत दाराशी माणूस बसला की ऋणकोची पत जाई. पत गेली की पुढचे कर्ज बंद होई. म्हणून ज्याला पत राखावयाची आहे त्याच्यावरच हा उपाय चाले. ज्याच्याजवळ पतही नाही आणि पीकही नाही त्याच्या दाराशी कितीही बसले तरी हाती काही लागत नसे. प्रकरण पंचायतीपुढे गेलेच, तर सरकार जिंकणाऱ्याकडून 'हरकी' आणि हरणाऱ्याकडून 'गुन्हेगारी' वसूल करी. न्याय हाही सरकारच्या उत्पन्नाचा एक मार्ग होता, आणि त्यामुळे लहान रकमेसाठी पंचायतीकडे जाणे कोणासच परवडत नसे.

पेशव्यांचा मुलूख इंग्रजांकडे गेला, परंतु भुदरगड कोल्हापूर संस्थानातच राहिला. हा भेद विसरून चालणार नाही. ब्रिटिश मुलखात दिवाणी न्यायालये आली, १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा पडली, आणि दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची चाल रूढ झाली. न्यायालयाचा हुकूमनामा हे सावकाराच्या हातातील नवे हत्यार ठरले. वसुलीचा खर्च त्याच्या माथ्यावरून सरकारच्या माथ्यावर गेला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जो दंगा उसळला त्यात शेतकऱ्यांनी प्रामुख्याने रोखे आणि वह्या जाळल्या. यावरून वसुलीचे मर्म कोठे आहे हे त्यांना पुरते कळले होते असे म्हटले पाहिजे. १८७९ च्या दख्खन शेतकरी संरक्षण कायद्याने न्यायालयांना रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला आणि शेतकऱ्याची कैद बंद केली. पण हा कायदा प्रारंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. शिवाय ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानात आपोआप लागू होत नसत.

संस्थानी मुलखात वसुलीच्या क्षेत्रातील सर्वांत बलवान पक्ष अर्थातच सरकार होते. सारा हे पहिले देणे. १८४४ मध्ये सामानगड आणि भुदरगड येथील गडकऱ्यांनी जे बंड केले त्याच्या मुळाशी दाजी कृष्ण पंडित यांच्या कारभारातील नवी महसुली व्यवस्था आणि गडकऱ्यांच्या परंपरागत हक्कांवर आलेला मामलेदारांचा ताबा ही कारणे होती. पुढे १३ डिसेंबर १९४२ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी गारगोटीच्या कचेरीवर हल्ला केला आणि त्यात काही जणांना हौतात्म्य आले. त्या लढ्याचा हेतू राजकीय होता. तथापि खजिना असलेली कचेरी हीच लक्ष्य म्हणून निवडली गेली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

सावकार हा सरकारच्या मागोमाग उभा असे. त्याच्या व्यवसायाचे मूल्यमापन करताना व्याजाच्या दराकडे पाहून थांबणे पुरेसे नाही. त्याचे भांडवल पैशाइतकेच माहितीचे असे. कोणाचे भात खळ्यावर कधी येणार, कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाचा मुलगा मुंबईहून मनिऑर्डर पाठवतो, हे त्याला ठाऊक असे. पुष्कळदा गावचा कुलकर्णी हाच रोखा लिहिणारा, साऱ्याचा हिशेब ठेवणारा आणि सावकाराला बातमी पुरवणारा असे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. या सुधारणेची चर्चा सामाजिक अंगाने पुष्कळ झाली आहे. पण वसुलीच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की, सारा आणि रोखा यांचा एकाच लेखणीशी असलेला संबंध तिने तोडला. सावकाराच्या माहितीचा एक जुना झरा आटला.

सावकार खळ्यावर वसुली करी. धान्याची रास घरात जाण्यापूर्वी त्याचे माप बाजूला पडे. ऊस पिकवणाऱ्याच्या बाबतीत हे काम गुळाच्या अडत्याने घेतले. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेत गुळाचे व्यापारी जमले. अडत्या हंगामापूर्वी शेतकऱ्याला उचल देई, शेतकरी गूळ त्याच्याच अडतीवर आणी, आणि पट्टी करताना उचल व व्याज वजा होऊन उरलेली रक्कम हाती पडे. या व्यवस्थेत तगादा नाही, धरणे नाही, दावाही नाही. वसुलीचा खर्च जवळजवळ शून्य. सावकारापेक्षा अडत्याचा धंदा सुरक्षित होता तो यामुळेच. तो अधिक सज्जन होता असे मानण्याचे कारण नाही. ज्या ठिकाणी पिकाचे रुपयांत रूपांतर होते त्या ठिकाणी तो उभा होता. गारगोटी परिसरातील पुढील सर्व घडामोडींची किल्ली या एका गोष्टीत आहे.

हाच नियम या तालुक्यातून मुंबईस गेलेल्या गिरणी कामगारांच्या बाबतीतही दिसतो. भुदरगड, आजरा, चंदगड या भागांतून हजारो माणसे गिरण्यांत कामास गेली. तेथे शेत नव्हते, खळे नव्हते. म्हणून सावकार पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी उभा राहू लागला. १९३१ च्या शाही मजूर आयोगाने हिंदुस्थानातील औद्योगिक शहरांत चालणाऱ्या या प्रकाराची गंभीर दखल घेतली आणि त्यावर कायदेशीर बंदी सुचविली. ज्याच्या कमाईची वेळ व जागा निश्चित आहे त्याची वसुली सोपी असते. गिरणीच्या फाटकाला आणि अडतीच्या दुकानाला हा एकच न्याय लागू पडतो.

सहकारी चळवळीने सावकारी मोडली असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. हे विधान सावधपणे स्वीकारले पाहिजे. १९०४ आणि १९१२ चे सहकारी कायदे झाल्यानंतरही अनेक वर्षे सहकारी पतपुरवठा नाममात्र राहिला. रिझर्व्ह बँकेने ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखाली केलेल्या आणि १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत असे आढळून आले की, १९५१-५२ मध्ये शेतकऱ्यांनी घेतलेल्या कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, सरकारचा ३.३ टक्के, तर धंदेवाईक आणि शेतकरी सावकार मिळून तो जवळजवळ ७० टक्के होता. धनंजयराव गाडगीळ ज्या समितीचे सदस्य होते तिने यावर सुचविलेला उपाय व्याजाच्या दराचा नव्हता. पतपुरवठा आणि मालाची विक्री यांची सांगड घाला, असे तिचे सांगणे होते. शास्त्रीय परिभाषा बाजूला ठेवली तर याचा अर्थ असा की, अडत्याची जागा सहकारी संस्थेने घ्यावी.

कोल्हापूर जिल्ह्यात ही सांगड ज्या प्रमाणात बसली त्या प्रमाणात ती फार थोड्या जिल्ह्यांत बसली असेल. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक १९३८ पासून होती. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे उसाखालील क्षेत्र वाढले, आणि बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. भुदरगड तालुक्यातील नदीकाठच्या गावांचा ऊस तिकडे जाऊ लागला. गूळ करणारा शेतकरी आपला माल कोणत्याही अडतीवर नेऊ शकत असे. कारखान्याचा सभासद आपल्या नोंदीचा ऊस कारखान्यासच घालणार. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यातील कलम ४८ प्रमाणे पीककर्ज घेणारा सभासद आपल्या जमिनीवर संस्थेचा बोजा निर्माण करणारा इकरार लिहून देतो, आणि कलम ४८-अ प्रमाणे शेतमालाच्या किमतीतून संस्थेचे येणे कापून घेता येते. गावच्या विकास सेवा सोसायटीचा सचिव याद्या तयार करतो, बँक त्या कारखान्याकडे पाठवते, आणि उसाचे बिल शेतकऱ्याच्या खात्यावर येण्यापूर्वीच कपात झालेली असते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. ती वेळेवर मिळो अथवा न मिळो, कपातीचा क्रम बदलत नाही.

अडत्याच्या पट्टीची ही कायद्याने प्रतिष्ठित केलेली आवृत्ती होय, आणि सावकाराचा पराभव मुख्यतः येथे झाला. सावकार बिलाच्या पुढे उभा राहू शकत नव्हता. सोसायटीची कपात झाल्यावर जे उरेल त्यावरच त्याचा डोळा. परिणामी त्याची जोखीम वाढली, आणि जोखीम वाढली म्हणून त्याचा व्याजाचा दरही वाढला. चांगली कुळे सोसायटीकडे गेली आणि ज्यांना सोसायटी दारात उभे करत नाही अशी कुळे सावकाराकडे राहिली. १९६३ मध्ये कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ स्थापन झाल्यावर याच तत्त्वाचा विस्तार दुधात झाला. उसाचे बिल हंगामात येते, दुधाचे बिल दर दहा दिवसांनी. म्हशीसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता दुधाच्या बिलातून परस्पर वळता होतो. पश्चिम भागातील ज्या शेतकऱ्याजवळ ऊस नाही त्यालाही यामुळे सहकारी पतपुरवठ्याच्या कक्षेत येता आले.

या व्यवस्थेचे दोष तिच्या गुणांतच आहेत. वसुली इतकी बिनबोभाट होते की कर्ज कशासाठी दिले आणि ते परत करण्याची ऐपत आहे काय, हे पाहण्याची गरज संस्थेला वाटेनाशी होते. ३० जून जवळ आला की सोसायट्यांत 'नवे-जुने' करण्याची धांदल उडते. जुने कर्ज भरल्याचे दाखवून लगेच नवे उचलले जाते. मधल्या चार दिवसांची रक्कम हातउसनी घ्यावी लागते, आणि ती देणारा पुष्कळदा खाजगी सावकारच असतो. वसुलीचे आकडे शंभर टक्क्यांच्या जवळ जातात, कर्ज मात्र जागच्या जागी राहते. ज्या सावकाराला या पद्धतीने हटवले त्यालाच तिने वर्षातून चार दिवसांचे काम मिळवून दिले, हा या इतिहासातील चमत्कारिक प्रकार म्हणावा लागेल. दुसरा दोष असा की, उसाची पळवापळवी सुरू झाली म्हणजे सांगड सैल पडते. थकबाकीदाराने दुसऱ्या कारखान्याला, किंवा घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या नावाने ऊस घातला की सोसायटीची यादी निरुपयोगी ठरते.

कायद्याने या स्पर्धेत तटस्थ भूमिका घेतली नाही. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने सावकाराला परवाना आणि हिशेबाच्या वह्या सक्तीच्या केल्या. ऋणकोच्या मागे मागे फिरणे, त्याच्या घराभोवती घुटमळणे, त्याला अडवणे हे त्रास देण्याचे प्रकार शिक्षेस पात्र ठरवले. एल्फिन्स्टनने वर्णिलेला तकाजा अशा रीतीने सव्वाशे वर्षांनी गुन्हा झाला. १९४७ च्या कर्जनिवारण कायद्याने जुन्या कर्जांची तडजोड केली. १९७५ च्या कर्जमुक्तीने तर अल्पभूधारक, शेतमजूर आणि ग्रामीण कारागीर यांची खाजगी कर्जे रद्दच केली. बँका आणि सहकारी संस्था यांची येणी मात्र त्यातून वगळली होती. सावकारीचे दुष्परिणाम पाहता या कायद्यांचे समर्थन सहज करता येते. पण त्यांच्यामुळे वसुलीच्या बाजारातील एक प्रतिस्पर्धी सरकारी हाताने बाजूला सारला गेला, हेही नोंदवणे इतिहासकाराचे काम आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमाने हेच धोरण अधिक कडक केले. बेकायदा सावकारी त्यामुळे संपली नाही, ती वहीतून तोंडी व्यवहारात गेली.

पीककर्जाखेरीज जी कर्जे आहेत, म्हणजे घर, दुकान, वाहन, लग्नकार्य यांसाठी घेतलेली, त्यांना बिलाचा आधार नसतो. या क्षेत्रात नागरी सहकारी पतसंस्था आल्या. त्यांचा पिग्मी गोळा करणारा प्रतिनिधी रोज संध्याकाळी बाजारपेठेत फिरतो, ठेव घेतो आणि कोणाचे दुकान चालते व कोणाचे बसले हेही पाहून येतो. सावकाराचे माहितीचे भांडवल अशा रीतीने पतसंस्थेकडे आले. वसुलीसाठी तिच्या हाती कलम १०१ चा दाखला आहे. सहायक निबंधकाकडे अर्ज करावयाचा, सुनावणी होते, दाखला मिळतो, आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. कलम १५६ आणि नियम १०७ यांखाली वसुली अधिकारी जप्ती व लिलाव करू शकतो. दाखल्याविरुद्ध फेरतपासणी मागावयाची तर कलम १५४ प्रमाणे निम्मी रक्कम आधी भरावी लागते. दिवाणी न्यायालयाचा मार्ग याच्या तुलनेत फार लांबचा. तेथे दावा, हुकूमनामा, दरखास्त अशा पायऱ्या आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने शेतकऱ्याची अवजारे, बैल, बियाणे आणि राहते घर यांना जप्तीपासून संरक्षण दिले आहे. केवळ गरिबीमुळे देणे न फेडणाऱ्याला तुरुंगात टाकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दिला आहे. वकिलाच्या मार्फत खाजगी कर्ज वसूल करणारा धनको या स्पर्धेत मागे पडला, यात नवल नाही.

सहकारी बँकांचा प्रश्न निराळा होता. तारण मालमत्ता न्यायालयात न जाता ताब्यात घेण्याचा अधिकार २००२ च्या केंद्रीय कायद्याने बँकांना दिला. सहकार हा राज्याचा विषय असल्यामुळे हा अधिकार सहकारी बँकांना मिळू शकतो काय, यावर अनेक वर्षे वाद चालला. त्याचा निकाल ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने दिला, आणि ज्या अपिलात तो दिला गेला त्यातील बँक गारगोटीच्या शेजारच्या मुरगूडची होती : विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँक. वेदगंगेच्या खोऱ्यातील एका बँकेच्या प्रकरणाने देशभरातील सहकारी बँकांना हा अधिकार निर्वेध झाला. शेतजमीन मात्र त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. म्हणून तालुक्यातील मुख्य मालमत्तेला तो स्पर्श करत नाही. पतसंस्था बँका नसल्यामुळे त्या दाखल्यावरच अवलंबून राहतात.

या पार्श्वभूमीवर खाजगी वसुली एजन्सीच्या धंद्याचे स्थान ठरवता येते. तिचे उत्पन्न म्हणजे वसूल झालेल्या रकमेवरील दलाली. तिचा खर्च म्हणजे माणसाचा पगार आणि प्रवास. शहरात एका गल्लीत दहा थकबाकीदार भेटतात. पाटगावच्या बाजूला एका थकबाकीदारासाठी अर्धा दिवस जातो. शिवाय तालुक्यातील उत्तम येणी, म्हणजे ऊस आणि दूध यांच्या बिलांशी बांधलेली, तिच्याकडे येतच नाहीत. पगारदारांच्या सहकारी संस्थांची येणी कलम ४९ प्रमाणे पगारातून कापली जातात. तिच्या वाट्याला राहतात ती वाहनांची आणि विनातारण कर्जे, म्हणजे ज्यांच्यामागे कपातीची जागा नाही अशी. या धंद्यात दांडगाईचा मोह होतो तो याच कारणाने. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकांनी गुंडांकरवी वसुली करण्याच्या प्रकारावर कडक ताशेरे ओढले. त्यानंतर २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने वसुली प्रतिनिधींसंबंधी सूचना काढल्या, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर थकबाकीदारास दूरध्वनी करण्यास मनाई केली. गावकुसाच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने या वेळांत एक अडचण आहे. दिवसा तो शेतावर असतो.

ज्यांच्याजवळ ऊस नाही, दुभते जनावर नाही आणि पगारही नाही, अशा कुटुंबांतील स्त्रियांना गटाने कर्ज देणाऱ्या सूक्ष्म वित्त कंपन्यांनी तगाद्याचे काम गटावरच सोपवले आहे. एकीचा हप्ता चुकला तर बैठकीत बाकीच्या जणी अडकून पडतात, आणि शेजारणीची नजर हीच वसुली ठरते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांहून अधिक रक्कम हप्त्यांत जाता कामा नये असे घालून दिले. वसुली उभयतांनी ठरवलेल्या जागी करावी, असेही त्यात म्हटले आहे. मात्र कर्जदार लागोपाठ दोन वा अधिक वेळा त्या जागी आला नाही, तर कंपनीच्या माणसाला त्याच्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी जाण्याची मुभा त्याच निर्देशांत ठेवलेली आहे.